ग्रामीण मलावीत बाळं का दगावतात? गरिबी आणि अज्ञान एवढंच उत्तर पुरत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रामीण आफ्रिकेत वर्षाच्या आतली इतकी बाळं का दगावतात, आणि प्रबंधात गरिबी, निरक्षरता व अंधश्रद्धा ही तीन कारणं मांडली तर भागेल का?

भागणार नाही. तिन्ही कारणं खरी आहेत, पण तिथेच थांबलात तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नजरेतून सुटेल. मी बालरोगतज्ज्ञ आहे. मध्य मलावीत जिल्हा रुग्णालय आणि त्याखालची आरोग्य केंद्रं, दोन्हीकडे काम केलं आहे. त्यामुळे उत्तर मलावीबद्दलच देते. पन्नासहून अधिक देशांच्या खंडाला एकच उत्तर चिकटवणं बरोबर नाही, आणि तुमच्या प्रबंधातही कुठला देश, कुठला जिल्हा हे आधी ठरवा.

मलावी आजही जगातल्या अतिशय गरीब देशांत मोडतो. १९९२ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तिथे हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १३५ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हा आकडा ४२ वर आला. देश श्रीमंत झाला नाही, तरी अर्भकमृत्यू दोन तृतीयांशाने उतरले. म्हणजे गरिबीच सगळं ठरवते हे म्हणणं इथेच लंगडं पडतं.

आता याच आकड्याचे दोन तुकडे करा. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू एका बाजूला, त्यानंतर वर्षापर्यंतचे दुसऱ्या बाजूला. १९९२ मध्ये महिन्यानंतरचे मृत्यू हजारी नव्वदच्या वर होते, २०१५-१६ मध्ये ते १५ उरले. पहिल्या महिन्यातले मात्र ४१ वरून २००४ पर्यंत २७ वर आले आणि तिथेच अडकले. २०१० मध्ये ३१, २०१५-१६ मध्ये पुन्हा २७. त्यातलेही सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतले. ‘अर्भकमृत्यूची कारणं’ असा एकच प्रश्न विचारला की हे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात, आणि उत्तर गुळमुळीत होतं.

महिन्यानंतरची बाळं कशाने वाचली ते आधी सांगते, कारण त्यातूनच उरलेली का वाचली नाहीत ते कळतं. मलावीने नोव्हेंबर २०११ मध्ये न्यूमोकॉकलची (न्यूमोनियासारखे आजार करणाऱ्या जंतूवरची) आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये रोटाव्हायरसची लस सुरू केली. म्चिंजी या ग्रामीण जिल्ह्यात केलेल्या अभ्यासात रोटाव्हायरस लस आल्यावर अर्भकांचे जुलाबामुळे होणारे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. औषध लावलेल्या मच्छरदाण्या घरोघर गेल्या. एचआयव्हीच्या बाबतीत तर मलावीने २०११ मध्ये जगाच्या आधी पाऊल टाकलं. गरोदर बाई एचआयव्हीबाधित निघाली की तिच्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची मोजणी करत बसायचं नाही, त्याच दिवसापासून तिला आयुष्यभराची औषधं सुरू करायची. पेशी मोजायची यंत्रं खेड्यात नव्हतीच, म्हणून हा निर्णय घेतला. दोन वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेनेही तोच मार्ग सुचवला.

या सगळ्याच्या तळाशी एक माणूस आहे, तिथला गावपातळीवरचा आरोग्य सहाय्यक. आपल्या आशाताईसारखाच तो गावाला जवळचा, पण पगारी सरकारी नोकर. २००८ पासून दुर्गम गावांत हे सहाय्यक लाकडी औषधपेटी घेऊन बसतात. श्वास मोजून न्यूमोनिया ओळखतात, हिवतापाच्या गोळ्या देतात, जुलाबावर क्षारसंजीवनी आणि झिंक देतात. त्यामुळे आईला पाठीवर पोर बांधून दहा-बारा किलोमीटर चालत जावं लागत नाही. फार मोलाचं काम आहे हे. पण त्यांच्या उपचारपत्रिकेवर वय लिहिलेलं असतं: २ ते ५९ महिने. दोन महिन्यांच्या आतलं आजारी बाळ आलं तर पेटी उघडायची नाही, चिठ्ठी देऊन पुढे पाठवायचं. यात सहाय्यकाचा दोष नाही. इतक्या लहान बाळाचा जंतुसंसर्ग तोंडावाटे दिलेल्या औषधाने आवरेल याचा भरवसा नसतो. पण मृत्यूंचा आलेख जवळजवळ याच रेषेवर दुभंगला आहे, हे लक्षात घ्या.

पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर२१ ही हिवतापाची लस २०२४ पासून आफ्रिकेतल्या देशांत जाते आहे. मलावीत त्याआधीची लस एप्रिल २०१९ पासून दिली जाते, आणि मलावी, घाना व केनिया या तीन देशांत मिळून लसीच्या वयातल्या मुलांचे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी घटले. पुण्यात अशी लस बनते, ही मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण या दोन्ही लसींचा पहिला डोस साधारण पाचव्या महिन्यात मिळतो. पहिल्या आठवड्यात जाणाऱ्या बाळाला त्यांचा थेट उपयोग नाही.

मग पहिल्या आठवड्यात बाळं कशाने जातात? दिवस पुरे न भरता जन्मल्याने, जन्मताना गुदमरल्याने आणि जंतुसंसर्गाने. मलावीतली पहिली गोष्ट फारच गंभीर आहे. २०१० सालच्या जागतिक अंदाजात अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचं सर्वाधिक प्रमाण मलावीतच होतं, शंभरातली अठरा. एवढी का, याचं एकच एक कारण हातात येत नाही, पण धागे दिसतात. हिवतापाचे परजीवी बाईच्या वारेत साठून राहतात. बाहेरून तिला ताप नसतो, बोटाच्या रक्तात कधी काही सापडतही नाही, आणि आत बाळाचं पोषण तुटत असतं. पहिलटकरणीला याचा धोका सगळ्यात जास्त, आणि २०१५-१६ मध्ये मलावीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी २९ टक्के मुली आई झालेल्या किंवा पोटुशी होत्या. गरोदरपणात ठरावीक अंतराने हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या द्यायचं धोरण आफ्रिकेत सर्वांत आधी मलावीनेच घेतलं, १९९३ मध्ये. पण पहिल्या तीन महिन्यांत तपासणीला येणाऱ्या बायका २०१५-१६ मध्येही चौथा हिस्साच होत्या. पाचव्या-सहाव्या महिन्यात आलेल्या बाईला गोळ्यांचे सगळे डोस पूर्ण करायला वेळ कमी पडतो.

उशिरा का येतात? तुम्ही इथे ‘अंधश्रद्धा’ लिहाल. दिवस राहिल्याचं लवकर उघड केलं तर कुणाची तरी वाईट नजर लागेल ही भीती आहे, नाकारत नाही. पण पहिल्या तीन महिन्यांतली गोष्ट बाहेर बोलू नये असं आपल्याकडच्या शहाण्यासुरत्या घरांतही सांगतात. दुसरी कारणं जास्त जड आहेत. पहिल्या खेपेला लवकर गेलं तर एकूण खेपा वाढतात, प्रत्येक खेप म्हणजे शेतातला एक दिवस. शिवाय कित्येक केंद्रांत आठवड्यातला एखादाच वार तपासणीचा. त्या दिवशी उशीर झाला तर आल्या पावली परत.

ऋतूंकडे जरा थांबून बघा, कारण हा भाग पुस्तकात तुकड्यातुकड्यांत येतो आणि गावात एकदम अंगावर येतो. मलावीत पाऊस नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. मका एप्रिलमध्ये हाती येतो. म्हणजे डिसेंबर ते मार्च कणगी रिकामी, आणि कोळपणी-खुरपणीचं सगळ्यात कष्टाचं काम नेमकं याच महिन्यांत. पोटुशी बाई अर्धपोटी राहून कुदळ चालवते. डास याच महिन्यांत वाढतात. कच्चे रस्ते याच महिन्यांत चिखलात जातात, नाल्यांवरचे लाकडी पूल वाहून जातात. भाड्याच्या सायकलवर मागे बसवून कळा देणाऱ्या बाईला न्यायचं तर ती सायकलही रुतते. २००१-०२ चा दुष्काळ असो वा मार्च २०२३ मधलं फ्रेडी चक्रीवादळ, त्या वर्षांची नावं घेतली जातात. पण कमी-अधिक प्रमाणात हे दरवर्षी घडतं. फेब्रुवारीत जन्मलेलं बाळ आणि जूनमध्ये जन्मलेलं बाळ एकाच घरातलं असलं तरी दोघांची परिस्थिती एक नसते. वर्षभराची सरासरी काढली की हा फरक पुसला जातो.

आता मुद्द्याचं. २००४ मध्ये मलावीत ५७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१० मध्ये ७३ टक्के, २०१५-१६ मध्ये ९१ टक्के. वर दिलेले पहिल्या महिन्यातले मृत्यू याच वर्षांचे आहेत: २७, ३१, २७. इतक्या बायका घर सोडून दवाखान्यात गेल्या आणि बाळं तितकीच गेली.

हा बदल घडवायला सरकारने पुष्कळ जोर लावला होता. २००७ मध्ये पारंपरिक सुईणींना बाळंतपणं करायची बंदी आली. अनेक गावांत पाटलांनी नियम केले की घरी बाळंत झालेल्या कुटुंबाने कोंबडी, बकरी किंवा पैसे दंड म्हणून द्यायचे. दवाखान्यांच्या आवारात गरोदर बायकांसाठी मुक्कामाच्या खोल्या बांधल्या, नवव्या महिन्यात येऊन राहायचं. बायका आल्या. पीठ, भांडी, सरपण आणि सोबतीला आई किंवा बहीण घेऊन आल्या. सरकारी सेवा मोफत, तरी येताना प्लॅस्टिकचा कागद, ब्लेड, बादली आणि बाळासाठी स्वच्छ कापडं आणायला सांगतात. धड कापड नाही म्हणून नर्स चारचौघांत बोलेल, या लाजेने शेवटपर्यंत घरी थांबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तरी बहुतेक येतात. समाज मागास आहे, दवाखान्यात येत नाही, हे म्हणणं निदान मलावीपुरतं तरी खरं राहिलेलं नाही. त्यांनी त्यांच्या बाजूचं केलं.

दवाखान्याने त्याच्या बाजूचं केलं नाही. एका आरोग्य केंद्रातली रात्र सांगते. प्रसूतिगृहात दोघी, आणि ड्यूटीवर नर्स एकटी. वीज गेलेली, सौर दिव्याची बॅटरी उतरलेली, म्हणून नर्सने मोबाइल दातांत धरून त्याच्या उजेडात बाळंतपण केलं. बाळ निळं, हालचाल नाही. त्याच वेळी आईला रक्तस्राव सुरू झाला. बाळाला श्वास द्यायची पिशवी आणि मास्क केंद्रात होते, तपासणीच्या फॉर्मवर ‘उपलब्ध’ अशी खूणही होती. पण मास्क मोठ्या मुलाचा होता. बाळाच्या तोंडावर ठेवला की हनुवटीखालून हवा निसटायची आणि छाती वर येत नव्हती. नवजात बाळाला लागणारा शून्य आणि एक नंबरचा मास्क कपाटात होता, किल्ली दिवसपाळीच्या बाईंकडे. नर्सने कुणाकडे आधी पाहावं? तिने आईचं गर्भाशय चोळत रक्त थांबवलं. आई वाचली. त्या नर्सच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

नोंदवहीत या मृत्यूचं कारण ‘जन्मतः श्वासावरोध’ असं लागलं. खरं कारण म्हणजे रात्री एकच माणूस, आणि एक किल्ली.

ही एकट्या केंद्राची गोष्ट नाही. मलावीतल्या दवाखान्यांचा दर्जा आणि तिथे जन्मलेल्या बाळांचे मृत्यू ताडून पाहिलेला एक अभ्यास २०१६ मध्ये आला. चांगल्या दर्जाच्या दवाखान्यात जन्मलेल्या बाळांमध्ये पहिल्या महिन्यातले मृत्यू शंभरामागे सुमारे दोनने कमी दिसले. जिथे शंभरात तीनच्या आसपास जातात, तिथे दोनचा फरक म्हणजे केवढा, ते तुम्हीच बघा.

एकच औषध जागेनुसार कसं उलटतं, याचं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. दिवस अपुरे असताना कळा सुरू झाल्या तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. सहा देशांत खेड्यापाड्यांच्या पातळीवर याची मोठी चाचणी झाली. त्यात झांबिया, केनिया होते आणि आपलं नागपूर व बेळगावही होतं. २०१५ मध्ये निकाल आला: इंजेक्शनांचा वापर वाढला, पण बाळं वाचली नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू थोडे वाढले. २०२० मध्ये दुसऱ्या चाचणीचा निकाल आला. भारत, केनिया, नायजेरिया, पाकिस्तान आणि बांगलादेश इथल्या रुग्णालयांत केलेली ही चाचणी. तिथे दिवस नीट मोजले जात होते आणि लहान बाळाची काळजी घ्यायची सोय होती. त्याच औषधाने मृत्यू स्पष्टपणे कमी झाले.

तुम्ही गडचिरोलीबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल, म्हणून आधीच सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी सुरू केली, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. या कामाचा जगभर परिणाम झाला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने बाळाच्या पहिल्या आठवड्यात घरभेटींची शिफारस केली. पुढे घानात स्वयंसेवकांच्या घरभेटींची मोठी चाचणी झाली, २०१३ मध्ये निकाल आला, आणि मृत्यूंमध्ये खात्रीने सांगता येईल अशी घट दिसली नाही. असं का? माझं मत असं की गडचिरोलीत आरोग्यदूत बाळाच्या घरी उपचार घेऊन पोचत होती. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन, सगळं दारात. घानात घरी सल्ला पोचत होता, उपचारासाठी बाळाला दवाखान्यात जावं लागत होतं, आणि तो दवाखाना तयार नव्हता. ‘गडचिरोली प्रारूप आफ्रिकेत चाललं नाही’ असं वाक्य कुणी लिहिलं तर ते मान्य करू नका. घानात नेलं गेलं ते त्यातलं अर्धंच.

घरात कोण ठरवतं, याबद्दल आपल्या डोक्यात सासू असते. मध्य आणि दक्षिण मलावीत चेवा, याओ, लोम्वे हे समाज मातृवंशीय आहेत. लग्नानंतर नवरा बरेचदा बायकोच्या गावी येऊन राहतो. बाळंतपणात शब्द चालतो तो मुलीच्या आईचा, आणि मोठा निर्णय मुलीच्या मामाचा. उत्तरेकडच्या तुंबुका समाजात पुन्हा वडिलांकडून वंश. म्हणून ‘नवऱ्याची परवानगी’ हा सर्वेक्षणातला ठरलेला प्रश्न अर्ध्या देशात चुकीच्या माणसाबद्दल विचारला जातो. उत्तरेत एक्वेन्डेनी इथल्या मिशन रुग्णालयाने आजी-आजोबांनाच हाताशी धरलं. आंघोळ लगेच घालू नका, चीक फेकू नका, पाणी किंवा मक्याची पेज पाजू नका, हे नर्सने सांगण्यापेक्षा आजीने सांगितलेलं घरात टिकतं. आजीला आडकाठी समजणारे कार्यक्रम मला कधीच पटले नाहीत.

आशा वाटावी असंही तिथे पुष्कळ आहे. झोम्बाच्या रुग्णालयात १९९९ पासून कांगारू मातृसेवा सुरू आहे. दीड किलोचं बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि वरून चितेंजे, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते छापील सुती कापड, घट्ट बांधायचं. वॉर्डात अशा आया ओळीने बसलेल्या असतात, बाळाची फक्त लोकरी टोपी दिसते. जन्मल्याबरोबर, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता हे सुरू केलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, हे २०२१ मध्ये पाच देशांच्या चाचणीत दिसलं. त्यात मलावी होता आणि भारतही. ब्लांटायरच्या मध्यवर्ती रुग्णालयात बबल सीपॅपचं (नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन फुप्फुसं उघडी ठेवणारं) स्वस्त यंत्र वापरून पाहिलं तेव्हा श्वासाचा त्रास असलेल्या बाळांपैकी ७१ टक्के वाचली. नुसत्या ऑक्सिजनवरच्यांपैकी ४४ टक्के.

पण यंत्राला वीज लागते. जानेवारी २०२२ मध्ये आना वादळात शिरे नदीवरचं कापिचिरा वीजकेंद्र बंद पडलं आणि देशाची सुमारे एक तृतीयांश वीज गेली. आणि कांगारूला आई लागते, आठवडे-आठवडे. तिची बाकीची मुलं घरी, शेत तणाने भरलेलं, सोबत आलेल्या आजीचं पीठ संपत आलेलं. म्हणून ती बाळाचं वजन पुरेसं भरण्याआधी घरी जायचं म्हणते. वॉर्डातल्या सोबतिणींना दोन वेळचं पीठ आणि शेंगा मिळाल्या तर बाळं जास्त दिवस राहतात. औषधांच्या कुठल्याही यादीत हे पीठ सापडणार नाही, पण मला संधी मिळाली तर पैसा आधी तिथे, रात्रीच्या दुसऱ्या नर्सवर, आणि घरी गेलेल्या लहान बाळाच्या पहिल्या महिन्यातल्या भेटींवर घालीन. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत आखडली, तेव्हापासून हा हिशेब आणखी अवघड झाला आहे.

बाकीचे घटक तुमच्या वाचनात येतीलच: दोन बाळंतपणांत दोन वर्षांहून कमी अंतर, जुळी मुलं, आईचं शिक्षण, पाणी. आईचं शिक्षण मनापासून मांडा, पण ते कसं काम करतं तेही लिहा. शिकलेली बाई नर्सला दुसऱ्यांदा विचारते, आणि रांगेतून परत पाठवली तर भांडते. हात धुण्याच्या माहितीपेक्षा मला याचं वजन जास्त वाटतं.

प्रश्नावलीबद्दल एक काम नक्की करा. फक्त अर्भकमृत्यू विचारू नका, मृत जन्मलेली बाळंही विचारा. जन्मताना ठोके असलेलं पण श्वास न घेतलेलं बाळ नोंदवहीत पुष्कळदा ‘मृतजन्म’ म्हणून जातं, मग ते अर्भकमृत्यूत मोजलंच जात नाही. अनेक गावांत इतक्या लहान बाळाला बायकाच शांतपणे पुरतात, मोठा दुखवटा होत नाही, म्हणून सहज विचारलं तर उल्लेखही येत नाही. आईला हळुवारपणे विचारा: बाळ रडलं का, हललं का, अंगाची साल निघालेली होती का. साल निघालेली नसेल तर कळा सुरू झाल्या तेव्हा बाळ बहुधा जिवंत होतं. तिथून पुढे विचारत जा: दवाखान्यात किती वाजता पोचलात, पोटावर कान लावून ठोके कुणी ऐकले, किती वेळा, आणि त्या रात्री ड्यूटीवर किती जण होते.